कातडीला बांधलेली चिठ्ठी

पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावून सांगितली जाते. बरणीवर चिठ्ठी नसेल तर आतला तुकडा घ्यायचा नाही. तो कोणाच्या शरीरातला, कुठल्या अवयवाचा आणि कधी काढलेला, हे ठाऊक नसेल तर सूक्ष्मदर्शकाखाली कितीही स्पष्ट दिसले तरी त्याचा रोग्याला उपयोग नाही. उलट अपायच व्हायचा. एकाचा कर्करोग दुसऱ्याच्या नावावर जायचा.

प्राणिशास्त्रातही असाच एक नियम आहे. एखाद्या प्राण्याला नवे शास्त्रीय नाव मिळते तेव्हा ते नाव केवळ पुस्तकात राहत नाही. ते एका प्रत्यक्ष कातडीला, कवटीला किंवा हाडाला कायमचे जोडलेले असते. या मूळ वस्तूला टाइप नमुना म्हणतात. किलोग्रॅम म्हणजे नेमके किती, हे २०१९ पर्यंत पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या धातूच्या एका ठोकळ्यावरून ठरत असे. तसेच अमुक नावाचा प्राणी नेमका कोणता, हा वाद निघाला की शेवटी टाइप नमुन्याकडे जावे लागते. त्या नमुन्याला बांधलेल्या कागदाच्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी आणि गोळा करणाऱ्याचे नाव असते. ही चिठ्ठी हरवली तर नमुना निम्मा मुका होतो.

ऑस्ट्रेलियातल्या पार्मा वॉलबी नावाच्या एका लहानशा प्राण्याची ओळख अशाच काही जुन्या कातड्यांनी आणि कवट्यांनी शंभर वर्षांहून अधिक काळ जपली. ते नमुने लंडनला पोचवणारा माणूस म्हणजे जॉन गोल्ड. जग त्याला पक्ष्यांच्या देखण्या चित्रग्रंथांसाठी ओळखते. पण त्याचे सगळे आयुष्य कातडी आणि चिठ्ठी या दोन गोष्टींभोवती फिरले.

गोल्डचा जन्म १४ सप्टेंबर १८०४ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम रीजिस या गावी झाला. वडील माळी होते. १८१८ मध्ये त्यांना विंडसरच्या राजवाड्याच्या बागेत काम मिळाले आणि मुलगाही तिथेच माळीकाम शिकू लागला. शाळा बेताचीच झाली. पण बागेत पक्षी होते, त्यांची अंडी होती आणि मेलेल्या पक्ष्यात पेंढा भरून तो जिवंतासारखा उभा करण्याची कला होती. ही कला गोल्डने इतकी आत्मसात केली की १८२४ मध्ये त्याने लंडनमध्ये तोच व्यवसाय सुरू केला.

हे काम दिसते तितके साधे नाही. कातडी न फाटता सोलायची, आतले मांस व चरबी काढायची, कवटी स्वच्छ करायची आणि मग कातडीला आतून आर्सेनिकयुक्त साबण चोळायचा. आर्सेनिकमुळे कीड लागत नाही आणि कातडी शतकानुशतके टिकते. म्हणूनच आजही जुन्या संग्रहालयांत अशा नमुन्यांना हातमोजे घालूनच हात लावतात, कारण दोनशे वर्षांपूर्वीचे विष अजून तिथेच असते. त्या काळच्या कारागिरांच्या हातांवर मात्र काहीच नसे.

१८२७ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने आपल्या संग्रहालयासाठी गोल्डची नेमणूक केली. चौथ्या जॉर्ज राजाला इजिप्तच्या पाशाकडून भेट मिळालेला जिराफ १८२९ मध्ये मेला, तेव्हा त्याच्यात पेंढा भरण्याचे कामही त्याच्याकडे आले. माळ्याचा मुलगा आता देशोदेशींहून येणाऱ्या कातड्यांच्या गठ्ठ्यांसमोर बसला होता. कुठलेही नवे पाखरू लंडनला आले की ते आधी त्याच्या हाताखालून जाई.

त्याच वर्षी जानेवारीत त्याने एलिझाबेथ कॉक्सन हिच्याशी लग्न केले. ती गव्हर्नेस म्हणून काम करत होती आणि तिचे चित्रकलेचे अंग उत्तम होते. पुढे लवकरच हिमालयातल्या पक्ष्यांच्या कातड्यांचा एक मोठा गठ्ठा संस्थेकडे आला. लंडनमध्ये फारसे कोणी न पाहिलेले पक्षी होते ते. गोल्डने त्यांचे मोठे चित्रपुस्तक काढायचे ठरवले. प्रकाशक मिळेना, म्हणून स्वतःच वर्गणीदार गोळा केले. एलिझाबेथ शिळाछापाचे तंत्र शिकली आणि दगडावर चित्रे काढू लागली. गोल्ड कच्चे आराखडे काढी, ती त्यांचे पूर्ण चित्र करी. १८३० ते १८३३ या काळात आलेल्या त्या पुस्तकात शंभर पक्षी होते. हिमालयात दिसणाऱ्या एका लखलखीत सूर्यपक्ष्याला तिच्यावरून नाव देण्यात आले, ते आजही कायम आहे.

पण या कामात एक उणीव राहून गेली. त्या कातड्या नेमक्या कुठून आल्या हे सांगायला हिमालय या एका शब्दापलीकडे फारसे काही नव्हते. हिमालय म्हणजे काश्मीरपासून आसामच्या पुढपर्यंतचा पट्टा. सुमारे नव्वद वर्षांनंतर भारतातल्या पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांतल्या कित्येकांचे मूळ ठिकाण सिमला ते अल्मोडा हा भाग धरून ठरवावे लागले.

चिठ्ठीची किंमत काय असते याचा मोठा धडा १८३७ मध्ये मिळाला. चार्ल्स डार्विन नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण पाच वर्षांचा जगप्रवास आटोपून परतला होता. त्या वर्षीच्या ४ जानेवारीला त्याने आपले पक्षी व सस्तन प्राणी प्राणिशास्त्र संस्थेला दिले. पक्षी गोल्डकडे आले. गॅलापागोस बेटांवरच्या काही लहान पक्ष्यांना डार्विनने वेगवेगळ्या कुळांतले समजून बाजूला काढले होते. एकाची चोच जाड, एकाची बारीक, त्यामुळे तसे वाटणे साहजिक होते. गोल्डने अवघ्या सहा दिवसांत सांगितले की हे सगळे एकाच गटातले, एकमेकांचे जवळचे नातलग असलेले फिंच आहेत आणि ते शास्त्राला नवे आहेत. तिथल्या मॉकिंगबर्डच्या कातड्यांवर मात्र डार्विनने बेटांची नावे नोंदवली होती. गोल्डने तपासले तर वेगवेगळ्या बेटांवरून आलेले ते पक्षी निरनिराळ्या प्रजातींचे निघाले.

डार्विनच्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे. बेट बदलले की प्रजाती बदलते, तर मग प्रजाती स्थिर कशा? पण फिंचच्या बाबतीत हेच तपासायला गेल्यावर घोळ झाला. त्या पक्ष्यांवर त्याने बेट लिहिलेच नव्हते. शेवटी जहाजाचा कप्तान फिट्झरॉय आणि बरोबरच्या इतरांनी जमवलेल्या पक्ष्यांच्या नोंदी मागवून त्याला हिशेब जुळवावा लागला. गोल्डने आपले काम चोख केले होते. त्याने पुढे डार्विनच्या उत्क्रांतिवादाची बाजू घेतली नाही, तो नावे देणारा आणि चित्रे छापणारा राहिला. मात्र त्याच्या निदानाशिवाय डार्विनची वाट बरीच लांबली असती.

आता गोल्डला दुसऱ्यांनी आणलेल्या कातड्यांवर समाधान वाटेना. एलिझाबेथचे दोन भाऊ ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला स्थायिक झाले होते. त्यांच्याकडून येणाऱ्या पक्ष्यांनी त्याचे कुतूहल चाळवले होते. मे १८३८ मध्ये तो सहकुटुंब ऑस्ट्रेलियाला निघाला. बरोबर एलिझाबेथ, थोरला मुलगा, एक भाचा, दोन नोकर आणि जॉन गिल्बर्ट नावाचा तरुण मदतनीस होता. तीन लहान मुलांना एलिझाबेथने आपल्या आईकडे ठेवले. चार महिन्यांच्या प्रवासानंतर सप्टेंबरात जहाज टास्मानियातल्या होबार्टला लागले.

एलिझाबेथ बराच काळ होबार्टला गव्हर्नर फ्रँकलिन यांच्या घरी राहिली, सतत चित्रे काढत राहिली आणि मे १८३९ मध्ये तिला तिथेच मुलगा झाला. गोल्ड मात्र बंदूक, चाकू आणि वह्या घेऊन रानोमाळ हिंडत होता. तो पक्ष्यांसाठी आला होता, पण कांगारूंच्या लहान भाऊबंदांनी, म्हणजे वॉलबींनी, त्याला भुरळ घातली. पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारे हे प्राणी सशाएवढ्या आकारापासून चांगल्या मोठ्या कुत्र्याएवढ्या आकारापर्यंत आढळतात. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मैदानात एकदा त्याच्या कुत्र्यांनी एका सशाएवढ्या वॉलबीचा पाठलाग केला. ती पळता पळता अचानक उलटी फिरली, सरळ गोल्डच्या दिशेने आली आणि तो निश्चल उभा असताना त्याच्या डोक्यावरून उडी मारून निघून गेली. या प्राण्याला ससा-वॉलबी म्हणतात. गोल्डनेच १८४१ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले.

न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यालगतच्या इलावारा भागातल्या दाट, ओल्या झाडीतून त्याला आणखी एक लहान वॉलबी मिळाली. वजन चार-पाच किलो, म्हणजे एखाद्या भरलेल्या मांजराएवढे. अंग तपकिरी, पाठीवर मानेपासून खांद्यांच्या मधोमध उतरणारी गडद रेघ, गालावर पांढरी पट्टी आणि गळा पांढराशुभ्र. शेपटी जवळजवळ अंगाएवढीच लांब. दिवसा झुडपांत दडून राहायचे आणि रात्री गवताच्या मोकळ्या तुकड्यांवर चरायला यायचे, असा हिचा दिनक्रम. गोल्डने तिला पार्मा हे नाव दिले. ते तिथल्या मूळ रहिवाशांच्या शब्दावरून घेतले असे मानतात. गोल्ड आणि गिल्बर्ट या दोघांच्याही कामात अशा अनाम माणसांचा मोठा वाटा होता. प्राणी कुठे सापडेल, कधी बाहेर पडतो, काय खातो हे त्यांना ठाऊक होते. गिल्बर्टने त्यांच्या भाषेतली प्राण्यांची नावेही कष्टाने टिपून ठेवली.

पार्माचे शास्त्रीय वर्णन मात्र छापले ते गोल्डचा सहकारी जॉर्ज वॉटरहाउस याने, आपल्या सस्तन प्राण्यांवरील ग्रंथात, १८४५-४६ च्या सुमारास. नाव गोल्डचे, वर्णन वॉटरहाउसचे आणि आधार कातडी व कवटीचा. एकच नमुना निवडून त्यालाच टाइप ठरवण्याची आजच्यासारखी काटेकोर पद्धत तेव्हा रूढ नव्हती. कोणता नमुना मूळचा धरायचा, हे अनेकदा पुढच्या पिढ्यांनी चिठ्ठ्या वाचून ठरवले आहे.

गोल्ड आणि एलिझाबेथ ऑगस्ट १८४० मध्ये लंडनला परतले. सोबत कातड्यांचे पेटारे होते आणि एलिझाबेथच्या भावाने वाढवलेले काही जिवंत हिरवे पोपटही होते. तोवर हा पक्षी युरोपात जिवंत असा ठाऊक नव्हता. आपल्याकडे पाळीव पक्ष्यांच्या दुकानांत लव्हबर्ड म्हणून जे छोटे पोपट विकतात, ते बहुतेक वेळा हेच बजरिगर असतात. घरोघरीच्या पिंजऱ्यांतली त्यांची लोकप्रियता त्या जहाजातून सुरू झाली.

परतल्यावर जेमतेम वर्ष गेले. ऑगस्ट १८४१ मध्ये एलिझाबेथची आठवी प्रसूती झाली. बाळंतपण पार पडले, पण मागोमाग ताप आला आणि १५ ऑगस्टला ती वारली. वय होते सदतीस. मृत्यूचे कारण सूतिकाज्वर. प्रसूतीनंतर गर्भाशयाची आतली बाजू एखाद्या मोठ्या जखमेसारखी उघडी असते. तिथे जंतू शिरले की ते रक्तात पसरतात आणि काही दिवसांत सगळे अवयव निकामी होऊ लागतात. यातला मुख्य जंतू स्ट्रेप्टोकॉकस. तो बहुतेक वेळा बाळंतिणीपर्यंत पोचे तो तपासणाऱ्याच्या हातांवरून. त्या काळी हे कोणाला पटत नव्हते. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डन या डॉक्टराने १७९५ मध्येच आपल्या रुग्णांची यादी देऊन दाखवले होते की हा रोग डॉक्टर आणि सुईणी एका बाळंतिणीकडून दुसरीकडे नेतात. त्याच्या वाट्याला लोकांचा रोष आला.

एलिझाबेथ गेल्यानंतर सहा वर्षांनी व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने हे कोडे सोडवले. त्याच्या हाती सूक्ष्मदर्शक नव्हता, जंतूंचे शास्त्र नव्हते. होत्या त्या नोंदी. तिथे प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर व विद्यार्थी बाळंतपणे करत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात शंभरातल्या दहाच्या आसपास बाया मरत, दुसऱ्यात चारच्या आसपास. मृत्यूची नोंद विभागवार ठेवलेली होती म्हणून हा फरक दिसला. १८४७ मध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि पहिल्या विभागातले मृत्यू झपाट्याने दुसऱ्याच्या पातळीवर उतरले. गॅलापागोसच्या मॉकिंगबर्डवर बेटाचे नाव होते म्हणून एक शास्त्र उभे राहिले. व्हिएन्नाच्या मृत्यूंपुढे विभागाचे नाव होते म्हणून लाखो बाळंतिणींचे प्राण वाचले. एलिझाबेथसाठी मात्र उशीर झाला होता.

तिने आयुष्यात सुमारे सहाशे चित्रे केली. ऑस्ट्रेलियाच्या पक्ष्यांवरील महाग्रंथासाठी तिची ८४ चित्रे तयार होती, बाकीची दुसऱ्या चित्रकारांनी पुरी केली. १८४४ मध्ये गोल्डने उत्तर ऑस्ट्रेलियातल्या एका सप्तरंगी फिंचला तिचे नाव दिले. त्याने पुन्हा लग्न केले नाही. घरात लहान मुले होती आणि टेबलावर न संपणारे काम.

या कामाचा दुसरा खांब होता जॉन गिल्बर्ट. गोल्ड परतला तरी गिल्बर्ट पश्चिम आणि उत्तर ऑस्ट्रेलियात एकट्याने नमुने गोळा करत राहिला. मध्ये थोडा काळ इंग्लंडला येऊन १८४२ मध्ये तो पुन्हा गेला. पैशांची ओढाताण त्याला कायम होती. मालक लंडनमध्ये, नोकर जगाच्या दुसऱ्या टोकाला आणि पत्राला लागणार कित्येक महिने. तरीही त्याच्या नोंदी नेटक्या असत. कुठल्या झाडीत, कोणत्या जमिनीवर, घरटे कसे, सवयी काय, हे सगळे तो लिहून पाठवी. गोल्डच्या ग्रंथांतला बराच मजकूर या नोंदींवर उभा आहे. पश्चिमेकडच्या किंग जॉर्ज साउंड भागात गिल्बर्टला सशापेक्षाही लहान, कांगारूच्या नात्यातला एक प्राणी मिळाला. गोल्डने १८४१ मध्ये त्याला गिल्बर्टचेच नाव दिले. तो गिल्बर्टचा पोटोरू.

१८४४ मध्ये गिल्बर्ट लुडविग लाइकहार्ट या जर्मन संशोधकाच्या मोहिमेत सामील झाला. पूर्व किनाऱ्याकडून उत्तर टोकापर्यंत अनोळखी मुलखातून जाणारी ती वाट होती. २८ जून १८४५ च्या रात्री केप यॉर्क भागात मूळ रहिवाशांनी तळावर हल्ला केला आणि गिल्बर्ट भाल्याने मारला गेला. त्याची रोजनिशी मात्र मोहिमेबरोबर वाचली. ती गोल्डच्या कागदपत्रांबरोबर इंग्लंडमध्ये राहिली आणि १९३८ मध्ये पुन्हा लोकांसमोर आली. पत्नी आणि मदतनीस, दोघेही चार वर्षांच्या आत गेले. गोल्डच्या नावावरच्या ग्रंथांत या दोघांचे श्रम किती, हे पुढच्या अभ्यासकांनी सविस्तर मांडले तेव्हा कुठे सामान्य वाचकाला कळले.

गोल्डचे काम थांबले नाही. ऑस्ट्रेलियाचे पक्षी सात खंडांत १८४८ पर्यंत पुरे झाले, त्यांत सहाशे चित्रे होती. ऑस्ट्रेलियाचे सस्तन प्राणी तीन खंडांत १८६३ पर्यंत आले, त्यांत १८२ चित्रे होती. तो कलावंतापेक्षा धंद्याचा माणूस अधिक होता. हिशेबाला पक्का, स्वभावाने तुटक आणि स्वतःकडे श्रेय ओढून घेणारा, अशी त्याची ख्याती होती.

याच धंदेवाईक बाण्यातून एक मोठी हानी झाली. ऑस्ट्रेलियातून आणलेल्या पक्ष्यांचा मूळ संग्रह त्याने ब्रिटिश म्युझियमला हजार पौंडांना देऊ केला. त्यांनी नाही म्हटले. १८४७ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका श्रीमंत हौशी माणसाने तो विकत घेतला. कातड्या आधी पॅरिसला गेल्या. तिथे त्या पेंढा भरून लाकडी बैठकांवर उभ्या केल्या आणि त्या खटाटोपात मूळ चिठ्ठ्या निघाल्या. बैठकीच्या खालच्या बाजूला माहिती उतरवून घेतली होती, पण उतारा तो उतारा. गोल्डने नावे दिलेल्या शेकडो पक्ष्यांचे टाइप नमुने अशा रीतीने अमेरिकेत गेले आणि कोणता नमुना कुठला, हे पुन्हा जुळवण्यात विसाव्या शतकातल्या अभ्यासकांची वर्षे गेली. सस्तन प्राण्यांच्या बाबतीत नशीब बरे होते. वॉलबींच्या कातड्या आणि कवट्या मुख्यतः लंडनलाच राहिल्या.

१८५१ मध्ये लंडनमध्ये मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले, तेव्हा गोल्डने प्राणिसंग्रहालयाच्या बागेत स्वतःचे हमिंगबर्डचे प्रदर्शन मांडले. पंचाहत्तर हजारांवर लोकांनी ते पाहिले. गंमत अशी की तोवर गोल्डने स्वतः एकही जिवंत हमिंगबर्ड पाहिला नव्हता. तो योग १८५७ मध्ये अमेरिकेत आला.

ऑस्ट्रेलियाबाबत मात्र त्याची नजर पुढचे पाहत होती. सस्तन प्राण्यांवरील ग्रंथात त्याने लिहून ठेवले की वसाहत वाढेल, मेंढ्या वाढतील तसे टास्मानियाचा पट्टेरी लांडगा आणि इतर कित्येक प्राणी नाहीसे होतील. त्यांच्या संरक्षणासाठी वेळीच कायदे करावेत, असे त्याचे म्हणणे होते. हजारो प्राणी स्वतः मारलेल्या माणसाने हे म्हणावे यात विसंगती आहे, आणि त्याला ते कळत नव्हते असेही नाही. टास्मानियाचा शेवटचा पट्टेरी लांडगा १९३६ मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

गोल्डची अखेरची वर्षे आजारपणात गेली. लंडनच्या घरात पडून तो चित्रांची मुद्रिते तपासत असे. ३ फेब्रुवारी १८८१ रोजी तो वारला. त्यानंतर ब्रिटिश म्युझियमने त्याच्याकडच्या बारा हजारांहून अधिक कातड्या विकत घेतल्या. त्यांत पाच हजारांवर हमिंगबर्ड होते.

त्याची भीती खरी ठरली. युरोपातून आणलेले कोल्हे आणि मांजरे, गवत संपवणाऱ्या मेंढ्या आणि ससे, झाडीची तोड, यांनी लहान वॉलबींचा घास घेतला. गोल्डच्या डोक्यावरून उडी मारणारी ससा-वॉलबी १८९० च्या सुमारास संपली. खांद्यावर चंद्रकोर मिरवणारी, त्यानेच नाव दिलेली आणखी एक वॉलबीही विसाव्या शतकात गेली. त्यांचे जे काही उरले आहे ते संग्रहालयांच्या कपाटांत. पार्माही गेली असेच सगळे धरून चालले होते.

१९५७ मध्ये डब्ल्यू. डी. एल. राइड या प्राणिशास्त्रज्ञाने पार्माचे जुने संग्रहालयातले नमुने पुन्हा तपासले आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर वॉलबींपासून ती नेमकी कशी वेगळी, हे मांडले. जिवंत प्राणी समोर नव्हता, होत्या त्या कवट्या आणि कातड्या. त्यानंतर दहा वर्षांच्या आत बातमी आली ती ऑस्ट्रेलियातून नव्हे, न्यूझीलंडमधून. ऑकलंडजवळच्या कवाऊ बेटावर सर जॉर्ज ग्रे या माजी गव्हर्नरने १८७० च्या सुमारास हौसेने काही जातींच्या वॉलबी आणून सोडल्या होत्या. त्या इतक्या फोफावल्या की बेटावरचे लोक त्यांना झाडांची नासाडी करणारी पीडा समजून मारत. १९६५ च्या सुमारास या वॉलबींची नीट पाहणी झाली तेव्हा त्यांत पांढऱ्या गळ्याची, पाठीवर गडद रेघ असलेली एक लहान जात वेगळी निघाली. ती पार्मा होती. नामशेष समजला जाणारा प्राणी उपद्रवी म्हणून मारला जात होता. बेटावरून काही जिवंत पार्मा पैदाशीसाठी प्राणिसंग्रहालयांत आणि ऑस्ट्रेलियात पाठवण्यात आल्या. पुढे १९६७ मध्ये ती न्यू साउथ वेल्सच्या जंगलातही सापडली. आज ती तिथल्या डोंगररांगेच्या ओल्या जंगलांत तुरळक टिकून आहे. गोल्डला ती जिथे मिळाली त्या इलावारात मात्र ती राहिलेली नाही. ती कधीकाळी तिथे होती, हे आज चिठ्ठीच सांगते.

गिल्बर्टचा पोटोरूही शंभराहून अधिक वर्षे बेपत्ता होता. १९९४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात, गिल्बर्ट जिथे हिंडला त्याच किनाऱ्याजवळच्या संरक्षित झाडीत तो पुन्हा मिळाला. २०२१ मध्ये तर खुद्द गोल्डच्या नावाचा उंदीर परत आला. तो नामशेष मानला गेला होता. संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांमधून काढलेला डीएनए पश्चिम किनाऱ्याजवळच्या बेटांवर तग धरून असलेल्या उंदराच्या डीएनएशी ताडून पाहिला तेव्हा दोन्ही एकाच जातीचे निघाले. डीएनए हा शब्दही ठाऊक नसलेल्या काळातल्या लोकांनी ते नमुने जपले होते.

नमुना जपणाऱ्याला पुढे त्याला कोणता प्रश्न विचारला जाईल हे ठाऊक नसते. पॅथॉलॉजी विभागात मेणाच्या ठोकळ्यांत जपलेले ऊतींचे तुकडे असेच वर्षानुवर्षे पडून असतात, आणि एखादी नवी तपासणी निघाली की त्यांतूनच एखाद्या घराण्यातल्या रोगाचा माग लागतो. अट एवढीच की ठोकळ्यावरचा क्रमांक आणि वहीतली नोंद जुळली पाहिजे. गोल्डची चित्रे आज लिलावात मोठ्या किमतीला जातात. पण पार्मा वॉलबीला ती जिवंत असताना तिचे नाव परत मिळाले ते चित्रामुळे नव्हे, तर आर्सेनिक चोळलेल्या त्या कातड्यांमुळे, कवट्यांमुळे आणि त्यांना दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठ्यांमुळे.